राखून ठेवलेली जागा

१७ मे

प्रिय मेहुणेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र पाहून तू हसशील हे मला ठाऊक आहे. फोन हातात असताना दाजी अजून पाकिटं चिकटवत बसतात, असं तू मागे ताईजवळ म्हणालास आणि तिने ते मला त्याच दिवशी पोचवलं. पण काय करू? फोनवर माझी गाडी जेवलास का आणि झोपलास का, यापुढे सरकत नाही. मनातलं सांगायला मला कागदच लागतो. शिवाय दुपारी पंपघरात दोन्ही पंप एका लयीत चालू असले आणि दाबाचा काटा जागेवर असला, की माझंही मन जरा जागेवर असतं.

काम असं आहे. आमचे चिरंजीव बेसबॉल खेळायला तुझ्या देशात आले, त्याला आता आठ महिने होत आले. क्लबाचा करार जुलैअखेर संपतो. इकडे पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्याची जागा एक वर्ष राखून ठेवली आहे. असं ते सहसा करत नाहीत. त्याचे गुण पाहून केलं. दहा ऑगस्टला तो स्वतः हजर झाला तर जागा त्याची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची. यापुढे मुदत नाही, हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं.

आमच्याकडे त्याच्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नाही. मी गावच्या शाळेत जेवढं पदरात पडलं तेवढ्यावर शहराला पाणी पाजतो आहे. त्यामुळे त्या जागेचा मला मोह आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण मोह माझा, आयुष्य त्याचं. त्याला खरोखर पुढे जाता येणार असेल, तर मी आड येणार नाही.

अडचण एवढीच की तो काही सांगत नाही. पत्रात हवा कशी आहे ते असतं आणि सगळे चांगले आहेत असं असतं. खेळ कसा चालला आहे विचारलं, तर रोज मैदानावर असतो म्हणतो. तुझ्या घरापासून ते मैदान बसने दोन तासांवर आहे. एकदा जाऊन ये आणि खरं ते कळव. ताईचं म्हणणं, तिचा भाऊ गोड बोलून वेळ मारून नेणार. म्हणून आधीच सांगतो, या वेळी गोड बोलू नकोस.

लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरतोस, तेव्हा जपून. आमच्यावरची माया आहे तशी ठेव, वाढवलीस तरी हरकत नाही.

तुझा,
दाजी


५ जून

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

ताईला सांगा, की गोड बोलण्याची माझी सगळी शिदोरी तिच्या लग्नात तुमच्या घरच्यांपुढे संपली. आता उरलं आहे ते कडूच.

मी न कळवता गेलो. तिकीट काढून गर्दीत बसलो. आमचा बेडकोबा कुठे दिसेना. (लहानपणी अंगणात उकिडवा बसून चेंडू झेलायचा, तेव्हा मीच हे नाव ठेवलं होतं. आता तो बॅटवाल्याच्या पाठीमागे उकिडवा बसणारा कॅचर झाला, म्हणजे नाव खरं ठरलं.) मैदानात नाही, खेळाडूंच्या बाकावर नाही. शेवटी कुंपणाच्या कडेला एक अरुंद पट्टी आहे, चेंडू फेकणारे पिचर सामन्यात उतरण्याआधी तिथे हात मोकळा करतात, तिथे सापडला. तोंडावर जाळी, डाव्या हातात उशीएवढा हातमोजा. चेंडू आला की झेलायचा आणि परत द्यायचा. सामना संपेपर्यंत तेवढंच. बाकीच्यांच्या पाठीवर नंबर होते, याच्या नव्हता.

दाजी, तो सामने खेळत नाही. तो सरावाचा कॅचर आहे. रोज मैदानावर असतो हे त्याने खोटं लिहिलं नाही, एवढंच.

सामना संपल्यावर त्यांच्या प्रशिक्षकांना भेटलो. माणूस सरळ. म्हणाले, मुलगा गुणी आहे, पण बॅटचा फटका कमी पडतो, तेव्हा खेळाडू म्हणून वर जाणार नाही. मात्र असा झेलणारा शोधून मिळत नाही, पुढच्या वर्षीही याच कामावर ठेवायला आम्ही तयार आहोत. त्याला हे सांगितलं आहे का विचारलं. म्हणाले, महिना झाला.

इथपर्यंतचं लिहून पत्र संपवावं असं वाटलं होतं. पण तुम्ही खरं मागितलंत, तर उरलेलंही खरं आहे. एक नवा पिचर होता, खांबासारखा उंच, पोरगेलासा. घाबरला होता. एक चेंडू जमिनीत, एक कुंपणावर. कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. तेव्हा आपला बेडकोबा उठला, चालत त्याच्यापर्यंत गेला, चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि आपला हात काढला नाही. दोघं तसेच उभे. मग काहीतरी बोलला आणि तो खांब हसला. नंतरचा चेंडू असा मोज्यात येऊन बसला की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने पेंगता पेंगता डोळे उघडले. मी मागाहून विचारलं, काय मंत्र दिलास? तर म्हणे काही नाही, बूट चावतात का तेवढं विचारलं.

मी आयुष्यात इतक्या माणसांना वरखाली नेलं. जागच्या जागी इतका बरा दिसणारा माणूस कमी पाहिला. आणि त्याच पोराला जेवायला निघताना शर्टाचं बटण लावता येईना, डाव्या हाताची बोटं इतकी सुजली होती. मी लावून दिलं. आता यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं, ते मला कळत नाही.

तुम्हाला सांगणार नाही असा त्याने माझ्याकडून शब्द घेतला. तोंडी होता, लेखी नव्हता, अशी पळवाट काढून हे लिहितो आहे. मला उघडं पाडू नका.

ताईला नमस्कार. रागावलात तरी माझ्यावर रागवा आणि मग विसरा.

आपला,
धाकटा मेहुणा


२४ जून

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल आहोत. मोठ्या पंपाचं बेअरिंग बदललं, त्यामुळे तो आता इतका गुपचूप चालतो की मीच दोनदा उठून पाहून आलो. आईचा गुडघा बरा आहे. शेजारच्या मास्तरांची गाय व्यायली, वासराचा एक पाय वाकडा आला. तू असतास तर काय केलं असतंस, असं मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, आधी तासभर तिच्याजवळ नुसता बसला असता.

महाविद्यालयाचं पत्र आलं आहे. दहा ऑगस्ट ही तारीख कायम आहे. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

हातांना जप. रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून बोटं बुडवून ठेवत जा. थंडी नसली तरी अंगावर घेऊन झोप. रोज देवापुढे बसतो तेव्हा तुझ्यासाठी काही मागत नाही. तू त्याच्या नजरेत राहावास एवढंच म्हणतो.

तुझी आठवण करणारे,
बाबा


१२ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात या वेळी खेळाबद्दल एकही प्रश्न नव्हता. आणि बोटांबद्दल मी तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं. म्हणजे मामाने सांगितलं. त्याच्यावर रागावलो नाही. उलट बरं वाटलं, मला लिहायला जमलं नसतं.

करार संपतो आहे. क्लब आणखी दोन वर्षं ठेवायला तयार आहे, याच कामावर. होकार-नकार दोन ऑगस्टपर्यंत द्यायचा आहे. परत यायचं तर तिकीट तेच काढून देतील आणि मी दहा तारखेच्या आत पोचेन.

बाबा, मला ठरवता येत नाही. सकाळी पहिला चेंडू मोज्यात बसला की वाटतं, याच्याइतकं दुसरं काही मला येत नाही. इथला पिचर वरच्या संघात गेला की जाताना मला मिठी मारून जातो. मग मी पुढच्याचे चेंडू झेलतो. खोलीत आम्ही चौघं आहोत. तिघं सामन्याबद्दल बोलतात आणि मी त्यांचे बूट ओलांडून झोपायला जातो. दोन वर्षांनी मी बावीस पूर्ण करेन. तेव्हाही इथेच, कुंपणाच्या कडेला असेन. आणि महाविद्यालयात मला कुणी ओळखणारही नाही.

कधी वाटतं यावं. कधी वाटतं, आलो तर चेंडू मोज्यात बसल्याचा तो आवाज आयुष्यभर कानात राहील.

तुम्ही सांगाल ते मी करेन. हे रागाने लिहीत नाही. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, मी फोन करेन. तुम्ही फक्त ये म्हणा, मी येतो. राहा म्हणालात तर राहतो. कारण सांगू नका, मी विचारणार नाही. आईला यातलं आधी सांगितलंत तर ती रडेल, तेव्हा तुम्हाला वाटेल तसं करा.

मिठाच्या पाण्याचा उपयोग होतो आहे.

आपला आज्ञाधारक,
बाळ


२९ जुलै

प्रिय मेहुणेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

काल त्याचा फोन आला.

त्याचं पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. तुझ्या ताईला दाखवलं. ती रडली वगैरे काही नाही. ती म्हणाली, यात विचार कसला करता, ये म्हणा. पोरगं दार उघडून उभं आहे आणि तुम्ही उंबरा मोजत बसलात. मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू? राहा म्हणण्याची माझ्यात ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती.

पण असं बघ. मी ये म्हटलं की तो पहिल्या विमानाने येणार. शिकेल, चांगला डॉक्टर होईल. आणि पुढे कधीतरी, एखाद्या गोठ्यात चिखलात उभा असताना, त्याच्या कानात तो चेंडू वाजेल. तेव्हा तो माझ्यावर चिडणार नाही, त्याचा स्वभावच नाही तो. गप्प राहील. त्या गप्प राहण्याला मी भ्यालो. मुलाच्या आयुष्याची झडप फिरवायला माझा हात उठेना. पाण्याची झडप चुकली तर उलटी फिरवता येते.

देवापुढे बसलो. तो आजवर कधी बोलला नाही, कालच का बोलेल? इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून मीही बहुधा त्याच्यासारखं गप्प बसायला शिकलो.

फोन आला. मी विचारलं, हात कसा आहे? तो म्हणाला, बरा आहे. मी विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, जेवलो. मग तो थांबला. मीही थांबलो. त्याच्या मागे कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. तो श्वास घेतो तेही ऐकू येत होतं. मी शब्द ओठांपर्यंत आणला, तुला सांगतो, ओठांपर्यंत आणला. आणि म्हणालो, तू म्हणशील तसं, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तो म्हणाला, बरं. मग ताईने फोन घेतला. वाटलं, आता ती तरी म्हणेल. तिने पांघरूण पुरतं का विचारलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, त्याने तुम्हाला विचारलं होतं, मला नाही.

अजून दोन तारखेला अवकाश आहे. फोन कोपऱ्यात आहे. मी उठून जातो, उचलतो, ठेवतो. तुला हे पत्र मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरीही लिहिलं, कारण दुसरं काही करता येत नाही.

मला हसू नकोस, एवढी माया कर.

तुझा,
दाजी


६ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. दोन वर्षं.

शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत थांबलो होतो. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, कुणाची वाट बघतोस का? मी नाही म्हणालो. तुमचा फोन येईल असं उगाच वाटत होतं. नंतर विचार केला की तुम्हाला मी यावं असं वाटत असतं, तर तुम्ही म्हणाला असतात. म्हणजे तुम्हाला मी राहावं असं वाटतं आणि आईसमोर ते बोलता येत नाही. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, मी तो वाया घालवणार नाही.

आता मन हलकं आहे. काळजी करू नका. प्राचार्यांना माझ्या वतीने नमस्कार सांगा, त्यांनी पुष्कळ केलं.

आईला जपा. मास्तरांचं वासरू उभं राहिलं का?

आपला,
बाळ


२७ ऑगस्ट

प्रिय मेहुणेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. एका अक्षराचा शब्द होता दाजी, असं लिहिलंस. बरोबर आहे. त्याच्या पत्राची नक्कल सोबत ठेवली आहे, म्हणजे मी काय लिहावं हा प्रश्न तुलाही पडेल.

दहा तारखेला मी रजा टाकून महाविद्यालयात गेलो. जायची काही गरज नव्हती, जागा आपोआप सुटणार होती. पण कुणीतरी तिथे असावं असं वाटलं. लांब व्हरांडा, भिंतीला बाकं, फिनेलचा वास. माझ्या शेजारी घरं रंगवणारा एक माणूस बसला होता, नखांत पांढरा रंग. त्याच्या पलीकडे त्याची मुलगी, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. कारकुनाने दारात येऊन आपल्या पोराचं नाव पुकारलं. थोडं थांबून पुन्हा पुकारलं. माझं अंग उठायला झालं, इतक्या वर्षांची सवय, त्याचं नाव शाळेत कुणी घेतलं की मी उठतो. मी बाक धरून बसून राहिलो. तिसऱ्यांदा पुकारून त्याने कागदावर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. ते त्या मुलीचं होतं.

रंगाऱ्याने नकळत माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुखलं. मुलगी आत गेली, तरी त्याने सोडलं नाही. मग भानावर येऊन माफी मागितली आणि विचारलं, तुमचं नाव यायचं आहे का अजून? मी म्हटलं, नाही, आमचं झालं. त्याने माझा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. मीही त्याचं केलं. त्याचा आनंद खरा होता आणि मला त्याचा राग येईना. आला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्याला पत्र लिहायला घेतलं. मला तू यायला हवा होतास, हे खरं आहे. ते लिहिलं आणि फाडलं. हे वाचलं की तो तेही झेलणार आणि परत कुणाला देणार नाही. आणि नाही लिहावं, तर मी त्याला पाठवून दिलं असं समजून तो तिथे राबणार. तुझी ताई म्हणते, आता गप्प राहा, त्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. ती हसली नाही, पण इतक्या दिवसांनी बोलली.

म्हणून वासराचं लिहून पाठवलं. ते उभं राहिलं, थोडं लंगडतं. एवढंच लिहिलं.

तुझ्याकडे एक मागणं आहे. सुट्टीच्या दिवशी सामना असेल तेव्हा जात जा. माझा निरोप देऊ नकोस, माझ्याकडे निरोप नाही. त्याला काही विचारूही नकोस. खेळाडूंसमोरच्या चांगल्या जागा सोड आणि त्या पट्टीच्या बाजूला, कुंपणाजवळ बस. एक चेंडू झेलून दुसरा येईपर्यंत त्याने मान वळवली, तर घरचं कुणीतरी दिसेल, अशा बेताने बस.

आमच्यावर राग असला तरी त्याच्यावरची माया ढळू देऊ नकोस.

तुझा,
दाजी