गुरुवारची मॉरिस

रवि. ६ जुलै. आषाढी एकादशी.
उपास. ह्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचं नेमकं आजच पार्कात जमायचं ठरलेलं, म्हणून सकाळीच साबुदाण्याची खिचडी करून डब्यात भरली. इथला जुलै म्हणजे भर हिवाळा, थंडी अशी की उघडेपर्यंत तिचा दगड झाला. तिथे सगळे आपापल्या गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसतात. आपली गाडी बघतात, मग दुसऱ्याची बघतात, मग चहा. आम्ही टोयोटाने गेलो. मॉरिस घरी, गॅरेजमध्ये, कव्हराखाली. का, तर ढग होते.

डेस भेटला. ऐंशीच्या पुढचा आहे. नजर कमी झाली, लायसन्स गेलं, म्हणून त्याने गेल्या वर्षी ही सत्तावन सालची मॉरिस ऑक्सफर्ड आम्हाला दिली. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे, पण तो गाडी नुसती मांडून ठेवणार होता. ह्यांनी ‘मी चालवीन’ असा शब्द दिला, म्हणून आम्हाला मिळाली.
आज डेस विचारतो, “सो व्हिन्स, हाउ ऑफन डू यू टेक हर आउट?” (वसंत त्याच्या जिभेला झेपत नाही. मी नलिनी, तर माझं नेल केलंय.)
हे म्हणाले, “एव्हरी वीक, मेट.”
एकादशीच्या दिवशी! मी शेजारीच उभी. मॉरिस या वर्षात ड्राइव्हवेच्या पुढे गेलेली नाही, आणि तिथवर तरी का, तर धुवायला.
डेसचा चेहरा इतका खुलला की मलाच कसंतरी झालं.
येताना टोयोटात,
“खोटं बोललात.”
“अगं, बोलायची एक पद्धत असते.”
“मग आता खरं करा.”
चातुर्मासाचा नेम आज धरायचाच होता. मी कांदा-लसूण सोडणार होते. ते राहू दे म्हटलं. विठोबासमोर बसून पाणी सोडलं – कार्तिकीपर्यंत दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचं, आणि तेही मॉरिसमधूनच. रात्री ह्यांना सांगितलं. वरीच्या भाताचा घास हातातच राहिला.
“मला विचारलंस का?”
“डेसला सांगताना तुम्ही मला विचारलं होतंत?”

गुरु. १० जुलै. गुरुपौर्णिमा.
गेलो! आमच्या क्रेगीबर्नच्या बाहेर पडेपर्यंत हे आरशात मागच्या गाड्याच बघत होते. गाडीत हीटर नाही. मांडीवर गोधडी, हातात फडकं, काच आतून पुसत बसायची. वायपर असा चालतो की जणू विचार करून मग हलतो. मागे एका ट्रेडीची (प्लंबर-सुतार असेल कुणी) यूट, तो उघड्या पाठीचा छोटा ट्रक, लागली होती, म्हटलं आता हॉर्न मारणार. ओव्हरटेक करताना त्याने अंगठा दाखवला. हे लाजले चक्क.
देऊळ म्हणजे कारखान्यांच्या भागातली भाड्याची शेड. हे आत आलेच नाहीत. कुणी शेजारी गाडी लावली आणि दार आपटलं तर? “मी इथूनच नमस्कार करतो.” प्रसाद खिडकीतून दिला.
पेट्रोल कुठल्या खात्यात लिहायचं? वाहनखर्चात लिहिलं तर ह्यांची चैन. देवधर्म खात्यात घातलं.

गुरु. २४ जुलै. अमावस्या.
पेच. अमावस्येला वाहन बाहेर काढायचं नाही हे माझं लग्नापासूनचं. आणि आज गुरुवार. हे कव्हराची टोकं नीट खोचत म्हणाले, “बघ, तुझ्याच शास्त्रात बसत नाही. मी काय करू?” आनंद मावत नव्हता.
तन्वी म्हणाली, “मम, लिसन. बाबांना पाऊस नको, ऊन नको, गारा नको, कोल्स सुपरमार्केटचा कारपार्क नको, काकाटू बसतील असं झाड नको. तुला अमावस्या नको, शनिवार नको, राहुकाळ नको. बिट्वीन यू टू, देअर्स लाइक वन डे अ यर.”
पोरीचं म्हणणं खरंच होतं. मी इतके दिवस सगळं ह्यांच्याच डोक्यावर मारत होते.
गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, “नेम आधी धरलाय ना? मग नेम मोठा. जा.” गेलो. सुखरूप आलो.
सं. दिव्यांची आवस म्हणून घरातले सगळे दिवे घासले, पूजा केली. मग वाटलं, मॉरिसचे पुढचे दोन दिवे तेवढे का वगळायचे? त्यांनाही हळदकुंकू लावलं. जेवण झाल्यावर हे गॅरेजमध्ये टूथब्रश घेऊन. चकचकीत कडांच्या खाचेत कुंकू गेलंय म्हणे. रुसलेत.
(अजून थोडं आहे तिथे. मला दिसतं.)

गुरु. १४ ऑगस्ट.
गारा. तरी गेलो. वाटेत सर्व्होच्या, म्हणजे पेट्रोलपंपाच्या, छपराखाली थांबलो, हे प्रत्येक गारेला “आई गं” म्हणत होते, जशी काही त्यांच्याच टकलावर पडतेय. शाळेतली दोन मुलं येऊन फोटो काढून गेली. मग ह्यांनी त्यांना बॉनेट उघडून दाखवलं. मग पोरांच्या बापाला. मग सर्व्होवाल्या सरदारजींना. “अंकलजी, हमारे यहाँ तो ये टॅक्सी थी!” आरती चुकली. चुकू दे म्हटलं, हे हसत होते.
डेसचा फोन. दर आठवड्याची फेरी आहे तर एका गुरुवारी मलाही न्या म्हणाला. डोळ्यांचं काहीतरी व्हायचंय, ते झाल्यावर, २ ऑक्टो.ला. दसराच आहे त्या दिवशी! हे हो म्हणाले. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले. “आता एकही चुकवून चालणार नाही गं.”

रवि. ३१ ऑगस्ट.
पाच दिवसांचे गणपती गेले. बादलीत विसर्जन, पाणी लिंबाच्या झाडाला. मखर उतरवताना हे स्टुलावरून पडले. डावं मनगट. प्लास्टर. इमर्जन्सीत चार तास बसलो, हे सारखं तेच, “गुरुवारी गिअर कोण टाकणार?”
मला वाटलं होतं सुटलो म्हणतील.
गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच आहे, डाव्या हाताला. तन्वीला येत नाही. मला ऑटोमॅटिक येतं. लायसन्स पूर्ण आहे, कायद्याला चालतं, पायाला चालत नाही.

मंगळ. २ सप्टें.
फुटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) मैदानामागचा रिकामा कारपार्क. मी, हे, तन्वी. मॉरिस ह्यांच्या मित्राकरवी तिथवर आणलेली.
“क्लच सोड.”
“सोडला.”
“हळू!!”
“हळू आधी म्हणायचं असतं.”
गाडीने अशी उडी घेतली की ह्यांचं प्लास्टर डॅशबोर्डवर. मला वाटलं आता रडतील, हाताला नव्हे, डॅशबोर्डला. पहिला गिअर आपल्याकडे ओढून वर. दुसरा कुठे हे त्या दांड्यालाच माहीत. वरून मॅगपाय झेपा घालतोय, त्यांचे अंड्यांचे दिवस. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला, शेवटी सरळ रेषेत गेले तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. तन्वी म्हणाली, “मम, यू होऽऽऽन.” बेफाम गाडी हाकणाऱ्या टवाळांना म्हणतात तसं, शब्द चांगला नाही, पण तिने कौतुकाने म्हटला.
घामाने ब्लाउज भिजला, या थंडीत. झोपताना डावा पाय आपोआप दाबला जातोय.

गुरु. ४ सप्टें.
दत्तगुरू. सिग्नलला बंद पडली. मागे रांग. हे खिडकीतून प्लास्टरचा हात बाहेर काढून सगळ्यांची माफी मागतायत. शेजारच्या गाडीतली बाई काच खाली करून, “ब्यूटिफुल, लव्ह! व्हॉट यिअर?” मी ओरडले, “फिफ्टी सेव्हन!” आणि त्या आवाजातच सुरू झाली.
पोचलो. ह्यांना म्हटलं, जा तुम्ही आत, दर्शन घ्या, कधी नव्हे ते. आणि मी? माझाच पाय निघेना गाडीपासून. एक पांढरी एसयूव्ही अगदी चिकटून लावली होती कुणीतरी.
आरती ऐकू येत होती बाहेरपर्यंत.

रवि. १४ सप्टें. मामंजींचं श्राद्ध.
पान कुंपणाशी ठेवलं. कावळा आला नाही, मॅगपाय आला, वडा उचलून गेला. ह्यांना चाललं. “इथला तोच कावळा.”
दुपारी हे दिसेनात. गॅरेजमध्ये. मॉरिसचं कव्हर काढून मागच्या सीटवर बसलेले, प्लास्टर मांडीवर.
मामंजी साताऱ्याला एका सरकारी कचेरीतल्या साहेबांचे ड्रायव्हर. अँबॅसडर. तिचा चेहरा आणि या मॉरिसचा चेहरा एकच, म्हणून तर घेतली. ते माहीत होतं मला. आज पुढचं सांगितलं. रविवारी बाप-लेक मिळून ती धुवायचे. ह्यांच्याकडे मागचं दार, हँडल, पितळी पट्टी. पण आत बसायचं नाही. सरकारची गाडी. एकदाही नाही बसवलं. मामंजींच्या स्वभावाला धरूनच होतं.
म्हणजे ह्यांना गाडी म्हणजे पुसायची, एवढंच शिकवलेलं.
“मागे का बसलात?”
“साहेब मागे बसायचे.”
मी पुढे बसले. गाडी बंदच होती. विचारलं, “साहेब, कुठे घेऊ?” तर म्हणाले, “कचेरीत नको. दुसरीकडे कुठेही.”

गुरु. २ ऑक्टो. दसरा.
सकाळी मॉरिसची पूजा. कुंकू या वेळी दिव्यांना न लावता कागदावर लावून कागद आत ठेवला. ह्यांचं प्लास्टर उतरलं खरं, पण मनगटात जोर नाही अजून. म्हणून मीच.
डेसला घ्यायला गेलो. टाय लावून फाटकात उभा होता. पुढे माझ्याशेजारी बसला, हे मागे. मी दांड्याकडे बघायला लागले की, “डोन्ट लुक अ‍ॅट इट, नेल. शी नोज.” आणि खरंच, न बघता दुसरा पडला. पहिल्यांदा.
देवळातून निघताना ह्यांनी सांगून टाकलं. मी काही सुचवलं नव्हतं. जुलैत जे एव्हरी वीक म्हणालो ते खोटं होतं, गाडी बाहेर काढतच नव्हतो, सॉरी.
डेस इतका हसला की कमरेचा पट्टा सैल करावा लागला. “व्हिन्स, मेट, क्लबात सगळेच एव्हरी वीक सांगतात. मी वीस वर्षं सांगत होतो.” मग म्हणाला, बायको गेल्यावर त्याने ती क्वचितच काढली. शेजारची सीट रिकामी बघवेना. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचा, पाच मिनिटं बसायचा, बंद करायचा. “दॅट्स नॉट ड्राइव्हिंग, इज इट.”
इंजिनाचा आवाज छान येत होता.
घरी आणून पुरणपोळी वाढली. दोन खाल्ल्या, वर सॉस आहे का विचारलं. दिला.

रवि. २ नोव्हें. कार्तिकी एकादशी.
नेम पुरा. एकही गुरुवार चुकला नाही. नारळ फोडला, विठोबाला सांगितलं, सांभाळून घेतलंस. गेले काही आठवडे जाताना मी, येताना हे, असं ठरलंय. त्यावरूनही वाद, कारण येतानाचा रस्ता उताराचा आणि सुंदर आहे.
पेट्रोलचं देवधर्म खातं आज बंद करायला हवं. वही उघडली, मिटली.

बुध. ५ नोव्हें.
उद्या गुरुवार. नेम नाही. हे सकाळपासून टायरमधली हवा बघतायत. मी बघितलं, ह्यांनी बघितलं की मी बघितलं.
दुपारी डेसचा फोन, मीच घेतला. बॅलरॅटच्या पलीकडे त्याचं लहानपणचं शेत आहे, आता दुसऱ्याचं. डोळ्यांचं जे करायचं होतं ते झालं, पण फार फरक नाही पडायचा असं डॉक्टर म्हणाले त्याला. अजून दिसतंय तोवर एकदा बघायचंय. मॉरिसमधून न्याल का? मग जरा थांबून, “लास्ट बिट्स ग्रॅव्हल, लव्ह. प्रॉपर रफ ग्रॅव्हल. से नो इफ इट्स नो.”
खडीचा रस्ता. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे गाडीच्या दाराजवळच उभे होते. हात आपसूक रंगावर गेला. खडे उडतात, खालून पोपडे निघतात, जुना मूळचा रंग, पुन्हा तसा मिळत नाही… सगळं सांगून झालं. मी ऐकून घेतलं. रंगाचं खोटं नाही काही.
मग म्हणाले, “त्याला काय सांगितलंस?”
“तुम्हाला विचारते म्हटलं.”
“आणि तुझं काय?”
“माझं काय. मी दांड्याकडे बघत नाही आता.”
आत गेले. चहा अर्धा तसाच. आता पडवीत नकाशा उघडून बसलेत, बोटाने रस्ता धरून सरकतायत, एका जागी थांबतायत, परत मागे येतायत. मी धपाट्यांचं पीठ काढून ठेवलंय. तिखट कमी घालीन, डेससाठी.