वरातीतली सातशे अश्वशक्ती

तुर्भे,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. हरेशदादास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काकीचे गुडघे आता बरे असतील, अशी आशा आहे.

तुझी स्पोर्ट्स कार मी ड्रॅग रेससाठी ट्यून केली, टर्बोचा दाब वाढवून सातशे अश्वशक्तीपर्यंत नेली. तेव्हाच बजावलं होतं की टाकीत रेसचंच पेट्रोल आणि रेस सुटताना गाडी झेपावायला असतं ते लाँचचं बटण फक्त ट्रॅकवर. तू पंपावरचं साधं पेट्रोल भरून ती तुझ्या मित्राच्या, शिवाच्या वरातीत नेलीस. डीजेपुढे उभ्या गाडीत ते बटण दाबून सायलेन्सरमधून आग काढत राहिलास. साधं पेट्रोल एवढा दाब सोसत नाही, वेळेआधीच भडकतं. पिस्टनला भोक पडलं आणि गाडी तिथंच बंद पडली.

इथवर मी रागावले नसते. गाडी तुझी आहे. पण मांडवात तू सांगितलंस की पोरीनं ट्यून केली, म्हणून बसली. ते आमच्या गॅरेजच्या शेठपर्यंत पोचलं. त्यांनी माझं ट्यूनिंग काढून घेतलं आणि मला बिलं करायला बसवलं. खरं काय ते त्यांना सांग.

तुझी बहीण,
निशिगंधा

द्रोणागिरी,
१७ फेब्रुवारी

चि. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

आई म्हणते, रागावलीस की तू थेट आजोबा दिसतेस. टेन्शन घेऊ नको गं. नवरदेवाची गाडी भर वरातीत मीच बंद पाडली, असं चारचौघांत सांगू? मुलीकडचे अपशकुन म्हणाले असते.

तुझ्या शेठशी बोललो. म्हटलं, लहान आहे, चुकली, मी माफ केलंय. लगेच हसले. झालं ना काम? नवीन इंजिन येतंय. एप्रिलच्या रेसला आठशे कर. रविवारी जेवायला ये, आई निवट्यांचं कालवण करतेय.

तुझाच दादा,
हरेश

तुर्भे,
२४ फेब्रुवारी

ती. हरेशदादास,
शि. सा. न.

चूक माझी, हे तू स्वतः शेठना सांगितलंस आणि वर माफीही देऊन मोकळा झालास. परवा त्यांनी मला ट्यूनिंगवर परत घेतलं. म्हणाले, भावानं मोठं मन दाखवलं, आता तरी जपून. मी तो पिस्टन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बघितलाही नाही. माफ केलेली मुलगी म्हणून मला तिथं काम करायचं नव्हतं. त्याच दिवशी सोडलं.

आठशे दुसऱ्या कुणाकडून करून घे. गेल्या वर्षी तुझ्याकडून हरलेला यशराज आठवतो ना, आजपासून मी त्याच्या गाडीवर आहे. एप्रिलमध्ये तो तुझ्या शेजारच्या लेनमध्ये असेल. कामाआधी त्यानं मला एकच विचारलं, पेट्रोल कुठलं भरू.

काकीला नमस्कार. लोभ तूर्त आहे तेवढाच धर.

निशिगंधा