भिंगरी सुट्टीत विसरते

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले तर आपलं भांडण होणार, आणि भांडण झालं की तू फोन भाऊजींच्या हातात देतेस. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

या उन्हाळ्यात मुलं तुझ्याकडे येणार नाहीत. जानेवारीपासून भिंगरीची आणि ढब्बूची शाळा घरीच आहे हे तुला माहीतच आहे. घरच्या शाळेला लांबलचक सुट्टी ठेवायचीच नाही, असं मी ठरवलंय. सहा आठवडे अभ्यास, मग एक आठवडा मोकळा, असं बाराही महिने.

कारण सांगते, रागावू नकोस. भिंगरी शाळेत होती तेव्हा दरवर्षी वर्ष संपेपर्यंत धडे घडाघडा वाचायची. सुट्टी संपून वरच्या इयत्तेत गेली की पाटी कोरी. तीन वर्षं हेच झालं. शेवटी वर्गबाई म्हणाल्या की हिला धाकट्या मुलांत बसवू, तेव्हा मी दोघांनाही काढून घेतलं. आता माझ्यापाशी छान वाचते आहे, आणि ते मला परत घालवायचं नाही. ती सुट्टी ती तुझ्याकडे काढते, ताई. तुझ्या घरात पुस्तकांचे ढीग, पण सगळे बाइंडिंगसाठी शिवायला आलेले. पोरगी दोन महिने खळ ढवळते, पुठ्ठे कापते, भाऊजींबरोबर बाजारात हुंदडते आणि अक्षराकडे ढुंकून बघत नाही. विसरणार नाही तर काय होईल?

डिसेंबरात शिक्षण कार्यालयाच्या बाई घरी येऊन तिची परीक्षा घेणार आहेत. कधी न पाहिलेलं पान वाचायला देतात म्हणे. जमलं नाही तर माझी शाळा बंद आणि भिंगरी पुन्हा त्या शाळेत, ढब्बूच्या वयाच्या पोरांच्या बाकावर. दहा वर्षांची, माझ्या खांद्याला आलेली मुलगी आहे गं ती. मला रात्री झोप लागत नाही.

भाऊजींना नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
छोटी


११ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग ह्यांना वाचायला दिलं. मुलांच्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्या उचलून परत माळ्यावर ठेवून आले.

आमच्याकडे येऊन पोर बिघडते, हे तू फार गोड शब्दांत लिहिलंयस. शिक्षिका झाल्यापासून तुझी भाषा सुधारली. पण एक सांगते. आम्हाला मूलबाळ नाही. वर्षाचे दहा महिने मी बाइंडर असते आणि दोन महिने मावशी. त्या दोन महिन्यांवर बाकीचे दहा निघतात. हे तुला न सांगता कळायला हवं होतं, पण तू वेळापत्रकं आखण्यात गुंतली असशील.

तुझी मुलं, तुझा निर्णय. भिंगरीच्या काळजीने तू असं करते आहेस हेही मला कळतं. तिला शाळेत धाकट्यांच्या बाकावर बसलेली मलाही बघवणार नाही. म्हणून आग्रह करत नाही. फक्त तिला असं सांगू नकोस की मावशीकडे गेलं की विसरायला होतं. एवढं सांभाळ.

ह्यांचा गुडघा बरा आहे. दुकानात वह्यांचं मोठं काम आलंय, त्यामुळे रडायला सवड नाही.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसू नकोस. वर्षभराचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवताना स्टुलावरून पडले. पाय दोन ठिकाणी मोडलाय, मांडीपर्यंत प्लास्टर आहे. ह्यांची कारखान्यात रात्रपाळी चालू, दिवसा ते झोपतात. ढब्बू मला पाणी आणून देतो आणि औषधाच्या बाटल्यांवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, दुष्परिणामांसकट. असं चालणार नाही.

तेव्हा नाक मुठीत धरून लिहिते आहे. मुलांना घेऊन हे रविवारी तुझ्याकडे येतील. प्लास्टर निघेपर्यंत ठेवून घेशील ना? मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. खरं वाटत होतं, तरी नको होतं.

मात्र अभ्यास थांबवायचा नाही, ताई. पिशवीत भिंगरीचं नवं वाचनाचं पुस्तक आहे, वरच्या इयत्तेचं. रोज एक पान. माझी पद्धत अशी की आधी आपण एकदा नीट वाचून दाखवायचं, म्हणजे उच्चार कानावर पडतात, मग तिने वाचायचं. ढब्बूची काळजी नको, तो समोर येईल ते वाचतो. त्याच्यापासून तुझी बिलं लपवून ठेव.

भाऊजींना सांग, गाद्या काढा.

तुझी लंगडी,
छोटी


२० मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

गाद्या ह्यांनी तुझं पत्र पुरतं वाचून व्हायच्या आधीच काढल्या. मुलं मजेत आहेत. ढब्बूने पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगितलं की तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर नाव चुकलंय. चुकलंच होतं.

आता तुझ्या शाळेचा अहवाल. सकाळी खळ शिजत असते तेव्हा भिंगरी माझ्याशेजारच्या बाकड्यावर बसते. पहिले काही दिवस पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. घामाघूम व्हायची. मग तू सांगितलंस तसं मी आधी वाचून दाखवायला लागले. एकदा नव्हे, दोनदा-तीनदा, कारण माझे हात कामात असतात आणि मला वाचायला आवडतं हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आता विचारू नकोस! पानंच्या पानं वाचते. स्वल्पविरामाला थांबते, प्रश्न आला की आवाज वर नेते. माझ्या आवाजाची थोडी ढब येते, ती तू मोडून काढ.

म्हणजे मावशीकडे पोर विसरते म्हणणारीने जरा बसून विचार करावा. बसलेलीच आहेस म्हणा.

तिच्या पुस्तकाचा कणा उसवला होता. बाइंडरच्या घरी असं पुस्तक शोभत नाही, म्हणून सगळं सोडवून नव्याने शिवून दिलं. कापडी पाठ लावली आहे, निळी.

पायाला जप. उठाबशा काढू नकोस. आमची आठवण येते का ते कळव, खोटं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई


२७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि मग एकटीने रडून घेतलं. बरं वाटून रडले, घाबरू नकोस. सुट्टी न ठेवण्याचा माझा हिशेब बरोबर निघाला. उन्हाळ्याचे दिवस, घर तुझं, आणि तरी पोरगी वाचते आहे, कारण अभ्यास थांबला नाही. एवढंच तर मी म्हणत होते.

कार्यालयाच्या बाईंना मी कळवून टाकलंय की परीक्षा डिसेंबरऐवजी जुलैत घेतली तरी आमची तयारी आहे. एकदाची डोक्यावरची टांगती तलवार जाऊ दे. ह्यांचं म्हणणं पडलं की घाई कशाला. त्यांना प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलायची सवयच आहे.

भिंगरीला सांग, आई खूश आहे. निळी पाठ कशी दिसते ते बघायला मी उतावीळ झाले आहे.

तुझी ऋणी, पण तसं तोंडावर न सांगणारी,
छोटी


६ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना आणि मुलांना झोपवून लिहिते आहे. तू आडवी असशील तर उठून बस.

माझ्या हातून चूक झाली आणि त्या चुकीतून दुसरीच गोष्ट बाहेर आली. पुस्तकाची पानं सुटी शिवत नाहीत. सोळा-सोळा पानं एकात एक दुमडून त्यांचे गठ्ठे करतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो, आणि फर्मे क्रमाने लावून शिवतात. भिंगरीचं पुस्तक शिवताना मी दुसऱ्या फर्म्याच्या जागी तिसरा लावला. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. मुलं आल्याच्या आनंदात बोलत बोलत शिवलं, दुसरं काय.

तर हरवलेल्या शेळीचा धडा पहिल्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर अर्धा आहे. उरलेला अर्धा पुढच्या पानावर असायला हवा, पण माझ्या प्रतापामुळे तिथे दीपगृहाचा धडा आला. शेळीचा धडा मी पुस्तक सोडवायच्या आधीच तिला पूर्ण वाचून दाखवला होता. काल भिंगरीने तो पुन्हा वाचला, पान उलटलं आणि न अडखळता शेळी घरापर्यंत आणली. बोट ओळींवरून फिरत होतं. मी पुठ्ठा मापत होते, मान वर केली, तर चित्रात दीपगृह आणि पोरीच्या तोंडी शेळी.

मी काही बोलले नाही. दुपारी एक वेगळंच पुस्तक तिच्यासमोर ठेवलं, कुणाचं तरी शिवायला आलेलं. तिने माझ्याकडे बघितलं, छोटे, आणि मला वाटलं की आपण हे पुस्तक ठेवायला नको होतं. ती म्हणाली की हे तू वाचून दाखवलं नाहीस.

मग जवळ घेऊन विचारलं. तिला वाचता येत नाही. थोडी अक्षरं ओळखते, तीही एकेकटी असली तर. शाळेत बाई रोज धडा म्हणून घ्यायच्या, शेजारची मुलगी वाचायची, ते ऐकून वर्ष संपेपर्यंत हिचं सगळं पुस्तक पाठ व्हायचं. वरच्या इयत्तेत पुस्तक नवं, ते अजून ऐकलेलं नसायचं. तू घरी घेतलंस तर तूही आधी वाचून दाखवत होतीस. ती सुट्टीत काहीच विसरत नव्हती. विसरायला ते कधी आलेलंच नव्हतं.

तिला मी विचारलं की चित्रावरून तरी पान चुकल्याचं कळलं नाही का. म्हणाली, कळलं होतं, पण तुझं बाइंडिंग चुकलंय असं कसं सांगायचं. आणि आईला सांगू नको म्हणाली, कारण आईचा पाय मोडलाय.

मी सांगते आहे, कारण परीक्षा तू पुढे ओढली आहेस. बाईंना आधी थांबव. मागाहून माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

तुझी,
ताई


१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले. दिवसभर रागावले. आधी तुझ्यावर, मग शाळेतल्या बाईंवर, मग प्लास्टरवर, आणि संध्याकाळी जेव्हा कुणी उरलं नाही तेव्हा स्वतःवर. जानेवारीपासून रोज माझ्या मांडीला मांडी लावून बसत होती आणि मला कळलं नाही. मी वेळापत्रक बघत होते. पोरीकडे बघितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे.

आता पुढचं. कार्यालयाच्या बाईंना जसं आहे तसं कळवलं की माझ्या मुलीला वाचता येत नाही, हे मला आत्ता समजलंय, आणि परीक्षा डिसेंबरातच ठेवा. त्यांनी ठेवली. इथे वाचनात मागे राहिलेल्या मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या की काही मुलांच्या डोळ्यांना अक्षरं लवकर ओळखीची होत नाहीत, कान मात्र तल्लख असतात, आणि ती हुशारीने कानांवर भागवतात. यात पोरीची लबाडी नाही, आळस तर नाहीच. पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची, रोज थोडं थोडं, आणि मध्ये मोठा खंड पडू द्यायचा नाही. म्हणजे सुट्टी नको हे माझं म्हणणं बरोबर, कारण मात्र साफ चुकलेलं. तुझ्या घराला मी उगाच बोल लावला, ताई. त्याबद्दल मला माफ कर.

शाळा माझ्याच घरात भरली पाहिजे असंही कुठे आहे? प्लास्टर निघायला वेळ आहे. तोवर तूच सुरू कर. बाईंनी अक्षरांचे मोठे तक्ते दिलेत, ते पाठवते. फक्त आधी वाचून दाखवायचं नाही. तिने घाम गाळला, तू कासावीस झालीस, तरी गप्प बसायचं. तुला हे जड जाईल. मलाही जाणार आहे. सहा आठवड्यांनंतरचा मोकळा आठवडा यापुढे तुझा, दरवेळी. भाऊजींनी गाद्या माळ्यावर नेऊ नयेत.

भिंगरीला सांग, आईचा पाय आणि तिचं वाचन दोन्ही हळूहळू होणार आहे.

तुझ्या मायेची गरज असलेली,
छोटी


१४ डिसेंबर

ती. मावशी आणि काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भिंगरी सांगते आहे आणि मी, ढब्बू, लिहितो आहे. तिला लिहायला फार वेळ लागतो आणि आई म्हणाली की मावशी वाट बघत असेल.

काल परीक्षेच्या बाई आल्या होत्या. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने तोच एक पेला पुन्हा पुन्हा घासला. (हे मी बघितलं.) बाईंनी त्यांच्या पिशवीतून पुस्तक काढलं. ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. भिंगरीने त्यांना आधीच सांगितलं की मी हळू वाचते, तुम्हाला घाई असेल तर परत या. बाई म्हणाल्या की घाई नाही. पुस्तकातल्या गोष्टीत एक बाई नदीकाठी होडी दुरुस्त करत असते. भिंगरीने अर्धं पान वाचलं. मी तेवढ्यात तीन पानं वाचली असती, पण मी गप्प बसलो. बाईंनी आईला सांगितलं की वर्षभर असंच घरी चालू द्या, धाकट्यांच्या वर्गात बसवायची गरज नाही. मग आईने पेला ठेवला. पुढच्या आठवड्यात आम्ही तुमच्याकडे येतो आहोत.

आता पेन तिला हवं आहे.

मावशी, हे मी लिहिते. अर्धं पान झालं तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं. पुढे काय होतं सांग म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत नाही. मी अजून तिथपर्यंत वाचलं नाही.

तुझी भिंगरी