आईचं गुलाबी झाड

१४ मार्च, शनिवार

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझी कंबर सुधारली हे वाचून बरं वाटलं. मी रोपवाटिकेच्या माडीवरच्या खोलीत ठीक आहे. मालकीणबाई सकाळचा चहा वर पाठवतात, आणखी काय हवं?

तर मुद्द्याचं. आईचं घर तुझ्या नावावर झालं, आता परसात 'एकदा लावली की वर्षानुवर्षं येतील, फार बघावं लागणार नाही' अशी झाडं सांग म्हणतोस. वीस वर्षं हेच काम करते, सांगते. परसातली माती ओली आणि आंबट. नळाकडच्या कोपऱ्यात तर चप्पल रुतते. तिथे कर्दळ लाव, तिचे पाय ओले राहिले तरी चालतं. भिंतीच्या सावलीत नेचे. अझेलियाला आंबट माती आवडते, पण तुंबलेलं पाणी सोसत नाही, तिला उंचवटा करून दे. लॅव्हेंडरचा नाद सोड. तुझ्या बायकोला फोटोत आवडलं असेल, पण वर्षभरात मुळं कुजतील.

आणि शेवटी लिहितोस, 'आईचं गुलाबी हायड्रेंजिया मात्र राहू दे, ते काय, आपोआप येतं.'

आपोआप! वा रे वा!

ते रोप तू घर सोडताना आईला दिलंस. कुंडीत गुलाबी होतं. परसात लावलं आणि पुढच्या वर्षी निळं फुललं. आंबट मातीत ते निळंच होतं, त्यात झाडाचा काय दोष? पण आईनं हाय खाल्ली. "त्याचं झाड बदललं, म्हणजे तोही बदलला," म्हणून दोन दिवस जेवली नाही. समजावून थकले. शेवटी ती झोपली की मातीचा आंबटपणा मारायला बुंध्याभोवती चुन्याची भुकटी घालायला लागले. एक वर्ष जांभळट आलं, मग गुलाबी. आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "माझा लेक आहे तस्साच आहे!" वर मलाच म्हणाली, "तू उगाच त्याच्या नावानं बोटं मोडतेस."

अकरा वर्षं चुना घातला. तिला न्हाऊ घातलं, भरवलं, त्याचं मी काही म्हणत नाही. तू दोनदा आलास, दोन्ही वेळा फुलं बघून खूश होऊन गेलास.

शेवटच्या आजारात खिडकीतून झाडाकडे बघत ती म्हणाली, "घर त्यालाच देते. ज्याचं झाड इतकं टिकलं, तो घर सांभाळेल." मी उशाशीच बसले होते. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. पण जाणाऱ्या बाईचा तेवढा आनंद कसा हिरावून घ्यायचा? नाही बोलले. माझ्याच हातानं माझं घर घालवलं. तुझा राग येतो, आईचा येतो, सगळ्यात जास्त माझा येतो.

घर परत मागत नाही. फक्त या वर्षी मी चुना घातलेला नाही. अर्धी गोणी मागच्या पायरीखाली आहे. घालायचा असेल तर बुंध्यापासून वीतभर लांब घाल, दरवर्षी, न चुकता. नाही जमलं तर एक-दोन वर्षांत झाड निळं होईल. तेव्हा मला पत्र लिहून कारण विचारू नकोस.

तुझं झाड अकरा वर्षं गुलाबी ठेवणारी,
ताई