सातव्या प्रश्नातली व्यक्ती

सोम. ५ जाने.
शिरूर-दौंडच्या शाळांची प्रश्नमंजूषा यंदा आमच्या गावच्या शाळेत. प्रश्न मीच काढायचे. रिटायर होऊनही सुटका नाही. पद्धत जुनीच: उत्तराचं नाव झाकून 'ही व्यक्ती' म्हणायचं, खुणा देत जायचं. प्र. ७: या शाळेला जागा देणारी व्यक्ती. उ. कोंडाबाई. गेटवरच्या फलकावर नाव अध्यक्ष आप्पांच्या वडलांचं, पण मूळ कागद मी पाहिलाय. अंगठा बाईचा.

गुरु. ८
स्टँडवर कोंडाबाईची लेक हिराक्का भेटली, भाजीच्या पाट्या उतरवत होती. सांगून बसलो तिला. "माज्या आईचं नाव माईकवर घेणार व्हय गुरुजी? मग येती मी. पुढंच बसती." ऐंशीच्या घरात आहे. बोलायला नको होतं.

शनि. १०
आप्पा आले. संस्थेचे अध्यक्ष, शिवाय आमची सून त्यांच्याच शाळेत, अजून कायम नाही. चहा घेत प्रश्नांचा कागद वाचला. "जागा आमच्या वडलांची. फलक हाय की. कशाला उकरून काढता?" सुनेचं नाव काढलं नाही. गरजच नव्हती.
उत्तरपत्रिकेत कोंडाबाई खोडली, त्यांच्या वडलांचं नाव लिहिलं. लाज वाटली. जेवलो मात्र नेहमीइतकं.

सोम. १२
झाली स्पर्धा. हिराक्का पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं.
प्र. ७ वाचायला घेतला. 'या व्यक्तीने वांग्याचं रान शाळेला दिलं. कागदावर अंगठा उठवला...' तिथंच लक्षात आलं. आप्पांचे वडील इंग्रजीत सही करायचे, आप्पाच गावभर सांगतात. उत्तर बदललं, खुणा बाईच्याच ठेवल्या. एवढी वर्षं मास्तरकी करून ही अक्कल.
दौंडच्या टीमनं बेल दाबली, फलकावरचं नाव सांगितलं. 'बरोबर' म्हणालो. टाळ्या. तोवर आमच्या शाळेची मुलगी उठली, "सर, ते तर सही करायचे. अंगठा कोंडाबाईंचा. आजी सांगते आमची."
आप्पांनी घड्याळ पाहिलं. निकाल उद्या, म्हणालो.

मंगळ. १३
निकालपत्र पुढ्यात. दौंड आणि आमची शाळा बरोबरीत, सगळं प्र. ७ वर अडलंय. सून डबा घेऊन शाळेत गेली.
नंतर हिराक्का दारात. पिशवीभर वांगी ठेवली.
"पोरीनं घेतलं नाव. आता तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."
चहाला थांबली नाही.
दुपारी आप्पांचा माणूस निकालपत्र न्यायला येणार. प्र. ७ चे गुण आणि माझी सही राहिलीये. पेन उघडून बसलोय.