दोन पानांचा अहवाल

प्रिय मास्तरीणबाई,

त्या सोमवारी सव्वाअकरा वाजता मी तुझ्या बाबांना सगळ्यांदेखत ‘जुनं खोड’ म्हणालो, आणि तिथून सगळंच बदललं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कपाटाकडे वळले. संध्याकाळपर्यंत ते कुणाकडून तरी तुझ्या कानावर आलं, आणि तू बोलणं टाकलंस. बरोबरच केलंस.

आठवतं, सरांशी हुज्जत घालून मी भर वर्गातून उठलो, तो कॉलेजात परत पाय ठेवलाच नाही? घरचे म्हणाले, बस आता माशा मारत. तू मात्र जिन्यात गाठून म्हणालीस, “तडतड्या, तोंड चालवतोस तेवढे हात चालव की जरा!” आणि तुझ्या बाबांना गळ घातलीस. त्यांच्याच शब्दावर मी, ते सांभाळायचे त्या इस्पितळाच्या फायलींच्या खोलीत लागलो. दुपारी तू त्यांचा डबा घेऊन यायचीस, अन् मी उगाच शिडीवर चढून वरच्या फळीची धूळ झटकायचो. तू शिंकायचीस. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग वरून फर्मान आलं, सगळ्या फायली नंबरवारीने लावा. थोरल्या साहेबांना तरुण रक्त हवं होतं, म्हणून प्रमुख मी! बाबा म्हणाले, “आधी आठवडाभर नुसतं बघ, कोण फाईल कशी मागतं ते.” मी कसला ऐकतोय! जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांत चार माणसं हाताशी धरून सगळी खोली उलटीपालटी केली. सोमवारी नंबर कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर आपले “ते मुतखडेवाले टकले गुरुजी” असंच मागतायत. एक आजी ऑपरेशनच्या टेबलावर आणि तिची फाईल गायब. तेव्हा माझी जीभ बाबांवरच सुटली. फाईल बाबांनीच काढली, मी चुकीच्या लावलेल्या गठ्ठ्यातून.

पुढे तीन महिने ते तासभर उशिरा घरी यायचे. तुम्हाला काय कारण सांगायचे, कोण जाणे. ते माझ्याशेजारी बसून एक वही करत होते. डावीकडे लोक जसं मागतात तसं, उजवीकडे नवा नंबर. एकेका सिस्टरला, वॉर्डबॉयला बोलावून, चहा पाजून त्यांनी ती समजावली. माझ्यावर आवाज चढवला नाही. एकदाच म्हणाले, “फाईल उचलून ठेवता येते रे, माणूस नाही.” खोली सुरळीत चालू लागली. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि बाबांचं नाव न घेता मी ती थोपटून घेतली.

आता आणखी पाच इस्पितळांत हेच करायचंय, मोठी खुर्ची मला द्यायचं घाटतंय. म्हणून ‘हा बदल मी कसा घडवला’ यावर दोन पानं मागितली आहेत, आज सभेत वाचायला. चार दिवस लिहितोय. ‘मी’ने सुरू झालेलं प्रत्येक वाक्य खोडावं लागलं. उरलं ते सगळं बाबांचं. तेच वाचणार आहे, त्या सोमवारच्या माझ्या शब्दासकट. खुर्ची जाईल बहुतेक. जाऊ दे. बाबांना यातलं काही माहीत नाही, आणि सभेत ऐकलं तरी घरी येऊन ते अवाक्षर काढायचे नाहीत. म्हणून तुला लिहिलं. यावर तू बोलावंसच, असं नाही.

सभा दहाला आहे. पाकीट वाटेत तुमच्या पेटीत टाकतो. आई विचारतेय, एवढी इस्त्री करून कुठे निघाली स्वारी? सांगत बसलो तर पाय निघायचा नाही. निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच, अजून थोडा तडतडणारा,
तडतड्या