दत्ताचा आंबा

३ ऑगस्ट २०२५, रविवार

झाड तोडायचं म्हणे! एकतीस वर्षांचं झाड!

सकाळी रोह्याहून जावयांचा फोन आला. आदर्शराव तसे गरीब स्वभावाचे, बोलायला दहा मिनिटं लावली. आमच्या दिपिकाला डॉक्टरांनी बजावलंय — दाराशी सातवीण असेल तर फुलांच्या दिवसांत त्या घरी राहायचं नाही. तिला दमा, पोटुशी झाल्यापासून बळावलेला. आणि सातवीण फुलते नेमकी दिवाळीच्या आगेमागे. पोरीची तारीख नोव्हेंबरची. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही.

फोन ठेवला तेव्हा पोरीची आई, चंद्रावती, माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, फांद्या छाटू. ती म्हणाली, "फांद्या छाटून वास जातो व्हय?"

मी जेवलो नाही. (संध्याकाळी चार भाकऱ्या खाल्ल्या, पण तो भाग वेगळा.)

४ ऑगस्ट

ती बोलत नाही. मीही बोलत नाही. झाड आपलं उभं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळीभात केला होता. वाढला, पण माझ्या ताटाकडे न बघता. माझं चुकतंय हे मला कळतं. पण लिहून ठेवतो, म्हणजे कोणीतरी माझी बाजू ऐकली असं होईल.

दिपिका झाली तेव्हा चंद्रावतीला माहेर उरलं नव्हतं. तिच्या गावी, खांबला, तिची आई आदल्याच वर्षी गेली. बाळंतपण इथंच, याच घरात, सुईणीच्या हातून. मुलगी झाली म्हणून माझी आई दोन दिवस तोंड फिरवून बसलेली. मला राग आला. पाचवीच्या दिवशी सायकल काढली, वडखळला गेलो. तिथं नाक्यावर सरकारी गाडी उभी होती, रोपं फुकट वाटत होते. म्हटलं, माझ्या लेकीच्या नावानं आंबा लावणार! आपल्या हातानं निवडून घेतला. पानं कशी गोल झुपक्यानं आलेली, हिरवीगार, चकचकीत.

आता मिठागरावरच्या माणसाला झाडातलं काय कळणार? पाण्यात बोट बुडवून मीठ कधी धरेल ते मी सांगतो, त्यात कोणी माझा हात धरणार नाही. पण आमच्याकडे बांधावर खारफुटी सोडून उगवतं काय!

वारा फार होता. रोप मोडेल म्हणून सायकलवर बसलोच नाही. टॉवेल गुंडाळून ते हँडलला धरलं आणि चालत आलो. तरी दारात एक पान मोडलंच. चंद्रावती बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी. म्हटलं, "आंबा हाय, पोरीचा!" तिनं रोप हातात घेतलं, मोडकं पान खुडून टाकलं, पदराला बोटं पुसली आणि म्हणाली, "चांगला हाय." आईसमोर म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं.

पोरीची नाळ-वार जिथं पुरली होती तिथंच लावला. भिंतीपासून चार हात. तेही चुकलंच.

रोज पाणी चंद्रावती घालायची. मी दर उन्हाळ्यात विचारायचो, "औंदा धरंल का गो?" ती म्हणायची, "पुढल्या साली."

सहाव्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला झुपके दिसले. मोहोर! मी अर्धी आळी गोळा केली. गुणाजी लाकूडतोड्या आला, वर बघितलं आणि खाली बसून हसला — "दत्ता, ही सातवीण हाय रं! कसला आंबा?" संध्याकाळी वास सुटला तेव्हा सगळ्यांचीच खात्री पटली. चंद्रावती म्हणाली, "मला तरी कुठं ठावं होतं." तेवढंच बरं वाटलं. निदान दोघंही येडे. अजूनही पत्ता विचारला की लोक सांगतात, 'दत्ताच्या आंब्यापाशी.'

पण सातवीण वाढली बघा कशी! दिपिकाची उंची दर वाढदिवसाला तिच्या खोडावर मोजली. सासरी जाताना पोरगी मला मिठी मारण्याआधी झाडाला मारून आली. मी रुसलो होतो तेव्हा.

१७ ऑगस्ट

दिपिकाचा फोन. "बाबा, माझ्यासाठी नको तोडू. मी रोह्यालाच राहीन. सासूबाई चांगल्या आहेत." आवाज अगदी हसरा. लहानपणी पडली की असंच हसायची, लागलं नाही म्हणून सांगायची आणि गुडघ्यातून रक्त.

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं मी! माझ्यासारखा बाप नसलेला बरा.

२० ऑगस्ट

दुपारी माझा डोळा लागला असं चंद्रावतीला वाटलं. तिनं ट्रंक उघडली. तिच्या जुन्या सुती साड्या — धुऊन धुऊन मऊ झालेल्या — त्यांची दुपटी शिवून ठेवलीयत. नऊ! कधी शिवली, मला पत्ता नाही. एकेक उलगडून गालाला लावून बघितलं. मग पुन्हा घडी केली, पुन्हा ट्रंकेत ठेवली, कडी लावली. रडली नाही. रडली असती तर मी झोपेचं सोंग तसंच चालू ठेवलं असतं.

उठलो. म्हटलं, "गुणाजीला निरोप धाड."

ती म्हणाली, "कशाला?"

"आंबा तोडायला."

चहा केला तिनं. सतरा दिवसांनी त्यात साखर बरोबर पडली.

२२ ऑगस्ट

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. कारण काय लिहू, तिथल्या कारकुनांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा — लेक येणार आहे. त्यांनी लिहिलं, 'घरास धोका.'

४ सप्टेंबर

परवानगी आली. गौरी-गणपती गेले. गुणाजी म्हणतो, परवा-तेरवा पितृपक्ष लागेल, पक्षात मी कुऱ्हाड लावत नाय. म्हणून उद्याच.

संध्याकाळी तो नुसता नारळ आणि तांदूळ घेऊन आला. कुऱ्हाड घरी. खोडाला हात लावून म्हणाला, "हितं जो कोनी वस्तीला हाय, पाखरू म्हना, मुंगी म्हना, त्यानं आज दुसरीकडं बिऱ्हाड करावं. उद्या आमचा नाइलाज हाय." नारळ ठेवला. आता गुणाजी साठीच्या पुढचा, पण हे करताना त्याचा आवाज लहान होतो.

मग चंद्रावती पुढे झाली. डोक्यावर पदर घेऊन, अगदी हळू — "तू हाय म्हनून इतकी वर्सं निभावलं गो. लेक येते हाय. रागावू नको."

निभावलं? काय निभावलं? मला कळलं नाही. माझी पाळी आली तर मी नुसता नारळ सरळ करून ठेवला. गुणाजीनं माझ्या पाठीवर थाप मारली, एरवीसारखा हसला नाही.

५ सप्टेंबर

आधी वरच्या फांद्या, दोर बांधून. मग खोड. तीन माणसं, दुपारपर्यंत. उंचीच्या खुणांपाशी करवत आली तेव्हा मी मागच्या दारी जाऊन विहिरीचा रहाट उगीच ओढत बसलो.

एकही कौल फुटलं नाही. गुणाजीचा हात!

६ सप्टेंबर

स्वयंपाकघरात ऊन आलं. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. चंद्रावती म्हणाली, "बाई, डबे किती काळे झालेत." आणि दिवसभर डबे घासले.

मला ते ऊन आवडलं. आवडल्याची लाजही वाटली.

२३ सप्टेंबर

रोह्याला दिपिकाला भेटून आलो. पोट पुढे, चेहरा एवढासा. मला म्हणाली, "बाबा, खरंच तोडलं?" आणि रडली, आणि रडता रडता विचारलं, "मग मी कधी येऊ?"

येताना वाटेत रोपवाटिकेत उतरलो. या वेळी मी लांब उभा राहिलो, निवडायचं काम चंद्रावतीचं. रांगेतल्या एका कलमाचं पान तिनं खुडलं, चुरगाळलं, नाकाला लावलं. ठेवलं. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याला म्हणाली, "ह्यो घ्या."

मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"आंब्याचं पान चुरगाळलं की कैरीचा वास येतो. सातविणीचं खुडलं की दुधासारखा चीक. खांबला पोरंटोरं पन वळखतात."

बोलली आणि जीभ चावली. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली. पेणपर्यंत.

२४ सप्टेंबर

कलम लावलं. भिंतीपासून पंधरा पावलं, तिनं मोजली. जुन्या जागी नको, म्हणाली, तिथं बाळाचे कपडे वाळतील.

रात्री अंथरुणावर पडलो आणि तो पदर आठवला. रोपाचं मोडकं पान खुडून बोटं पुसलेला.

विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर

दिपिका आली! सात दुपटी बाहेर, दोन राखीव. पोरीनं सातविणीच्या उरलेल्या बुंध्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग पडवीत झोपली — तोंड उघडं टाकून, शांत, छातीत शिटी नाही. चंद्रावती तासभर शेजारी बसून श्वास ऐकत होती. मी दारातून दोघींचे ऐकले.

२२ ऑक्टोबर

भर दिवाळी. दिपिकाचा दम्याचा पंप पिशवीतून निघालासुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर

मुलगी! पेणच्या दवाखान्यात, पहाटे. दोघी खुशाल. नाक माझं आहे, बिचारीचं.

१९ नोव्हेंबर

आज पाचवी. दोघी घरी. चंद्रावती नातीला तीट लावत होती. मी विचारलं, "रोप हातात घेतलंस तेव्हाच कळलं होतं ना तुला, सातवीण म्हणून?"

तिनं आधी तीट नीट लावली. मग म्हणाली, "वडखळपासून चालत आल्तात तुमी. सायकल हातात धरून. सगळी तोंडं फिरवून बसलेली, तुमीच येकटे हसत आल्तात."

सहा वर्षं रोज पाणी घातलं तिनं माझ्या आंब्याला.